एका कडीवरचा झोपाळा

"पडलं!" आप्पा शिडीवरून ओरडले. "शैला, पडलं गं भोक!"

बैठकीच्या खोलीतल्या बीमला भोक पडलं होतं. आप्पांचे केस पांढरेच होते, आता भुवयाही सिमेंटनं पांढऱ्या झाल्या होत्या. मी खाली शिडी धरून उभी. ड्रिल मशीन आप्पांनी एसटीच्या वर्कशॉपातल्या जुन्या दोस्ताकडून मागून आणलं होतं आणि ते त्यांनी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं.

"चल, आता दुसरं."

परसातून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "दुसरं? दुसरं कशाला? आप्पा, एकच म्हणाला होतात!"

"तू पोरीला सांभाळ रे मुकुंदा!"

"उन्हाळाभर नोकरीवर जायच्या आधी पाणी मारलंय मी त्या स्लॅबला! घर माझं आहे!"

"आणि तू कुणाचा आहेस?" आप्पांनी विचारलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मुकुंद शेवग्याखाली जुईला घेऊन बसले होते. मशीनचा आवाज तिला सोसत नसे, म्हणून तिच्या कानांवरून मी माझा लोकरी स्कार्फ बांधला होता. मुकुंदांनाही एक हवा होता, पण घरात एकच होता.

ती दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारची सकाळ होती. सोमवारी शाळा उघडायची होती. जुई सहा वर्षांची होती, आणि सुट्टी लागायच्या आधी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "उघडल्यावर आठवडाभर बघू. बाकावर बसली तर बसली. नाहीतर तुम्ही दुसरी सोय बघा." कराडात तेव्हा दुसरी सोय नव्हती. बाकावर न बसणं हाही तसा गुन्हा नव्हता, तिच्या वर्गातली निम्मी मुलं बाकाखालीच असायची. पण जुई उठायची, भिंतीपाशी जायची आणि कपाळ आपटायची. रडून नाही, रागानं नाही. कुणी शांतपणे दार वाजवावं तसं. धप्, धप्, धप्. माझ्या उजव्या हाताची मागची बाजू त्या वर्षी कायम निळी असायची, कारण भिंत आणि ते कपाळ यांच्यामध्ये तो हात असायचा.

कोल्हापूरला अशा मुलांचं केंद्र चालवणाऱ्या तबस्सुम मॅडमनी मला पहिल्यांदा सांगितलं की हा हट्ट नाही आणि भूतबाधाही नाही. "शैलाताई, तिच्या अंगाला काहीतरी हवंय. ते कुठूनच मिळत नाही, म्हणून ती भिंतीकडून घेते," त्या म्हणाल्या. त्यांच्या केंद्रात आठवड्यातून एकदा जुईला अर्धा तास झोपाळ्यात ठेवायचे. आई आत असली की मुलं आईकडेच बघत बसतात, म्हणून आम्हां आयांना बाहेरचा बाक. मी फक्त दोराची करकर ऐकायची. बारावीनंतरचं माझं सगळं शिक्षण त्या बाकावर आणि एसटीच्या खिडकीपाशी झालं. मॅडम पुस्तकं द्यायच्या, मी जाता-येता वाचायची, न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघा फार व्हायच्या. पण झोपाळ्यातून बाहेर आलेली जुई बघायला पुस्तक लागत नव्हतं. डोळे निवलेले, खांदे खाली आलेले. त्या रात्री भिंत गप्प असायची. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुन्हा धप्, धप्.

"रोज सकाळी शाळेआधी मिळालं तर बसेल ती," मॅडम म्हणाल्या होत्या. "घरीच टांगा की." आणि कागदावर चित्र काढून दिलं होतं. वर एक टिंब, टिंबाखाली एक जाड दोर, दोराला कापडाची पिशवी, पिशवीत हसणारं मूल.

पिशवी मी शिवली. टी-शर्टाचं ताणलं जाणारं कापड दुहेरी घेऊन, तीन सुया मोडून. टांगायचं काम आप्पांनी मागून घेतलं. माझे सासरे चाळीस वर्षं दिवसा एसटीच्या वर्कशॉपात नट आवळायचे आणि संध्याकाळी पेठेतल्या तालमीत मुलांना मल्लखांब शिकवायचे. त्यामुळे त्यांना दोनच आवाज येत. एक इंजिनावरून ऐकू जाईल असा, आणि दुसरा मैदानाच्या पलीकडे जाईल असा. नातीशी बोलायला दोन्हीही उपयोगाचे नव्हते. त्यांनी हाक मारली की ती पलंगाखाली जायची. म्हणून झोपाळ्याचं म्हटल्यावर ते असे हरखले की कागद माझ्या हातातून ओढूनच घेतला.

आणि कागदात त्यांना चूक सापडली.

"एकच कडी?"

"चित्रात एकच आहे, आप्पा."

"घाईत काढलंय बाईंनी. एका कडीवर कधी झोपाळा टांगतात का? गिरगिरा फिरेल की! पोरगी चक्कर येऊन पडायची. दोन कड्या पाहिजेत. म्हणजे कसा पुढं-मागं, पुढं-मागं. झोपाळ्यासारखा झोपाळा."

मलाही ते पटलं. माझ्या माहेरी, मामाकडे, लग्नाच्या हॉलवर, मी जन्मात जेवढे झोपाळे पाहिले ते सगळे पुढं-मागंच जात होते. मॅडमना फोन करून विचारावं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. झोपाळा ही काय विचारायची गोष्ट आहे?

तर दुसरं भोक पडलं. दोन्हींत बोल्ट ठोकून बसवले, कड्या लागल्या, दोर बांधले. मग आप्पांनी दोन्ही दोर धरून पाय उचलले आणि सत्तरी उलटलेला माणूस माझ्या बैठकीत वटवाघळासारखा लटकला.

"आप्पा, उतरा!" मुकुंद दारातून म्हणाले.

"वजन बघतोय."

"वजन कळलं. उतरा."

"तुझं बघू. ये, लटक."

"मी नाही लटकणार."

"लहानपणीही हेच म्हणायचास," आप्पा म्हणाले आणि उतरले.

दुपारी शेजारच्या सिंधूकाकू आरतीचं तबक घेऊन आल्या. आप्पांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. मी खोबऱ्यात साखर घातली. नव्या मोटारीची पूजा व्हावी तशी त्या पिशवीची पूजा झाली, फक्त मुकुंदांनी हळद-कुंकू बीमला लावलं. त्यांना खरी काळजी त्याचीच होती.

मग मी जुईला उचलून पिशवीत ठेवलं. ती बसली. कापड तिच्या अंगाभोवती आवळलं आणि तिनं डोळे मोठे केले. आप्पांनी मागून हलकेच ढकललं.

"एक!" ते म्हणाले. सवय. "दोन! पाठ सरळ! तीन—"

चारला जुई किंचाळली. पिशवीतून अशी निसटली की मला पकडताच आली नाही, आणि सरळ भिंतीपाशी गेली. धप्. मी धावत जाऊन हात घातला. धप्, धप्, धप्. सिंधूकाकूंनी तबक कपाटामागे लपवलं. तबकाचा काय दोष होता कोण जाणे.

"माझ्या आवाजानं झालं," आप्पा म्हणाले. हे ते हळू म्हणाले, आणि ते मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी मी ढकलून पाहिलं, न मोजता, न बोलता. जुईनं पिशवीत पाय टाकायलाच नकार दिला. मुकुंदांनी चॉकलेट दाखवलं. तिनं चॉकलेट घेतलं. मॅडमच्या केंद्राचा फोन वाजत राहिला, सुट्टी होती. जेवताना कुणी सोमवार हा शब्द उच्चारला नाही. मुकुंद एवढंच म्हणाले, "आठवडाभर म्हणाल्यात ना बाई. पहिल्याच दिवशी काही करणार नाहीत." मी मान हलवली. आम्हां दोघांनाही त्या बाई माहीत होत्या.

रविवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते. बाहेरच्या खोलीत काहीतरी करकरलं. वाकून पाहिलं तर जुई पिशवीपाशी उभी होती. कुणी बोलावलेलं नसताना. दोन्ही मुठींत कापड धरून ती जागच्या जागी गोल फिरत होती, आणि तिच्याबरोबर वरचे दोन दोर एकमेकांना पीळ घालत होते. आणखी एक फेरी, आणखी एक. पीळ गच्च बसल्यावर तिनं पोटावर अंग टाकलं आणि पाय उचलले.

पिशवी फिरली. सर्रकन्, एकदा, दोनदा. जुईचे केस उडाले. मग दोर सुटे झाले, गचका बसला आणि सगळं थांबलं. ती उतरली आणि पुन्हा पीळ घालायला लागली.

आप्पा माझ्या मागे येऊन उभे होते. फोडणी करपल्याचा वास येत होता, पण दोघंही हललो नाही.

"फिरायचंय तिला," आप्पा कुजबुजले.

मी फळीवरून मॅडमचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. एक टिंब.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कपाळावर फाटकन् हात मारून घेतला. "अरे गाढवा!" हे स्वतःला होतं. "चाळीस वर्षं पोरांना काय टांगून फिरवलं मी? टांगता मल्लखांब! एका कडीवर! फिरत्या कडीवर! आणि घरात येऊन म्हणतोय, दोन पाहिजेत!"

"आप्पा, हळू."

"हळू," ते म्हणाले, आणि पायांत वहाणा न घालताच निघाले.

"कुठे?"

"तालमीत! ती फिरती कडी काढून आणतो. तू बीमच्या मधोमध खूण कर!"

"मधोमध?" मुकुंद आंघोळीहून टॉवेलावर बाहेर आले. "म्हणजे तिसरं भोक?"

तिसरं भोक मी पाडलं. आप्पांची वाट बघायची ताकद माझ्यात नव्हती. मुकुंदांनी जुईला लांब शेवग्याखाली नेलं, मी शिडीवर चढले आणि आदल्या दिवशी पाहिलं होतं तसं मशीन छातीशी धरलं. बाई, ते मशीन काय ओढतं! सिमेंट डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. बोल्ट बसला, पिशवी उतरवून तिची एक कडी मी त्यावर चढवली, नट पाना लावून आवळला, आणि उतरल्यावर आरशात पाहिलं तर साक्षात आप्पा. मला हसूच आवरेना. एकटीच खिदळत होते.

एवढ्यात दारात रिक्षा थांबली. आप्पा आधी उतरले, मग त्यांनी आतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक ओढून काढलं. रिक्षावाला बाजूला सरकून उभा राहिला. मयतच आणलंय असं त्याला वाटलं असावं.

"कडी आणायला गेला होतात ना?" मुकुंद म्हणाले.

"गंजलीय. खांबातून निघेना. म्हटलं, घरी नेऊन रॉकेल लावतो आणि काढतो."

तो अख्खा टांगता मल्लखांब होता. शिसवीचा, माणसाच्या मांडीएवढा जाड, वर मुठीसारखा गोळा, त्याला साखळी आणि ती फिरती कडी. वर्षानुवर्षांच्या एरंडेल तेलानं काळा, गुळगुळीत झालेला. आप्पांनी मधल्या कडीत त्याची साखळी अडकवली. "असाच लोंबता ठेवू, म्हणजे कडी हाताशी येईल. रॉकेल आण."

मी रॉकेल शोधायला मागे गेले. बाटली घेऊन परत आले तर आप्पा आणि मुकुंद भिंतीला पाठ लावून उभे होते, जसे काही खोलीत वाघ आला आहे.

जुई खांबापाशी उभी होती. आधी तिनं तो हुंगला. साबणाच्या वासानं न्हाणीघरातून पळणारी माझी मुलगी, ती तो तेलकट काळा खांब वरपासून खालपर्यंत हुंगत गेली. मग एक हात ठेवला. मग दुसरा. आणि मग तिनं त्याला मिठी मारली. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, जमीन सोडून.

ती मिठी कशी होती हे मला कुणाला सांगता आलेलं नाही. जुईनं तोवर कुणालाच मिठी मारली नव्हती. आपण जवळ घेतलं की ती लाकडासारखी ताठ व्हायची. आणि आता लाकडालाच अशी बिलगली की तिच्या दंडांचे स्नायू दिसत होते. खांब तिच्या वजनानं आपोआप वळला. कडी कुरकुरली आणि फिरू लागली. सावकाश. एक फेरा, दुसरा फेरा. प्रत्येक फेऱ्याला तिचा चेहरा आमच्यासमोरून जायचा, आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक निवलेला असायचा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तिनं कपाळ खांबाला टेकवलं. आपटलं नाही. टेकवलं, आणि तिथंच ठेवलं.

"आप्पा," मुकुंद अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मुलगी आहे ती."

हे मला समजावून सांगायला हवं. आप्पांच्या तालमीत मुलींना दोरीचा मल्लखांब होता. लाकडी खांब फक्त मुलग्यांना. माझी नणंद सुनंदा लहान असताना एकदा चोरून खांबावर चढली, तर आप्पांनी तिला महिनाभर तालमीचं तोंड बघू दिलं नव्हतं. वन्सं अजूनही ते सांगताना हसतात, पण त्या महिन्याचे दिवस बोटांवर मोजून दाखवतात.

आप्पांनी डोळे खांबावरून न हलवता उत्तर दिलं. "मग? खांबाला कळतंय का?"

मी रॉकेलची बाटली परत ठेवून आले.

दुपारभर तेच चाललं. ती उतरायची, पाणी प्यायची, पुन्हा चढायची. आप्पांनी खाली गाद्यांची थप्पी घातली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले. वेग वाढला की नुसतं बोट लावून तो कमी करायचे, मग थोड्या वेळानं उलट्या बाजूनं फिरवायचे. "एकाच बाजूनं फिरलं की डोकं गरगरतं," मला म्हणाले. तोंडातून "पाठ सरळ" येऊ नये म्हणून ते सुपारी चघळत होते.

संध्याकाळी फाटक वाजलं. आप्पांचा जुना शिष्य रणजित, आता तालमीचा मुख्य, धापा टाकत आला.

"वस्ताद! घात झाला! तालमीत चोरी झालीय. टांगता खांब नेला हो कुणीतरी!"

"बस," आप्पा म्हणाले. "चोर इथंच आहे."

रणजितनं आत पाहिलं. काळ्या खांबाला पिवळ्या फ्रॉकमधली पोर चिकटली होती, डोळे मिटून, संथ फिरत. तो उंबऱ्याबाहेरच चपला काढून उभा राहिला.

"मुलगी?" तो म्हणाला.

"नात."

"वस्ताद, मुलींना खांब शिवू दिला म्हणून आम्हाला तर तुम्ही..."

"तुम्हाला काय? तुमचे फटके तुम्हाला पुरले. पोरांना काही दिवस दोरीवर घे. नवा खांब मी करून देईन."

रणजितनं डोकं खाजवलं. मग मला म्हणाला, "वहिनी, तेल पातळ पुसा. जास्त झालं की घसरतंय." आणि गेला.

मॅडमचा फोन रात्री लागला. मी इतकी भरभर बोलत होते की त्यांना दोनदा "शैलाताई, श्वास घ्या" म्हणावं लागलं. सगळं ऐकून त्यांनी किती वेळ, किती वेगानं, केव्हा थांबवायचं, हे सांगितलं. शेवटी विचारलं, "आणि पिशवी?"

"तिच्यात कांदे ठेवलेत," मी म्हणाले. ते अजून ठेवले नव्हते, पण ठेवणार होते.

सोमवारी सकाळी जुई शाळेआधी खांबावर होती. आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेजारी बसले होते, जशी त्यांचीच परीक्षा होती. वेळ झाल्यावर तिला उतरवायला गेले तर ती त्यांच्या गळ्यात हात टाकून उतरली. खांबावरून उतरायला काहीतरी धरायला लागतं, म्हणून असेल. आप्पा बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले.

मी तिला वर्गात सोडलं आणि घरी गेले नाही. शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली उभी राहिले. तिथून पहिलीच्या वर्गाची भिंत दिसायची. प्रार्थना ऐकू आली, पाढे ऐकू आले, कुणाला तरी दिलेला धपाटा ऐकू आला. प्रत्येक आवाजाला माझा उजवा हात आपोआप पुढे व्हायचा. मधल्या सुट्टीत आप्पा सायकलवरून आले, फाटकापुढून सरळ निघून गेले, वळून पुन्हा आले आणि पुन्हा निघून गेले. मला पाहिलंच नाही असं दाखवत.

शाळा सुटली. मुलं धबधब्यासारखी बाहेर आली. सगळ्यांच्या मागून कणसेबाई आल्या, जुईच्या वर्गाच्या. जुई त्यांच्या बाजूनं चालत होती. कपाळाकडे मी आधी पाहिलं. जुन्या टेंगळाचा पिवळट डाग, बाकी काही नाही.

बाईंचा चेहरा मात्र आंबट होता.

"काय हो जुईची आई," त्या म्हणाल्या, "हिच्या फ्रॉकला काय लावलंय? अख्ख्या वर्गाला वास. शेजारची मुलगी नाक धरून बसली होती दिवसभर."

"एरंडेल आहे, बाई."

"एरंडेल? पोट बिघडलंय का तिचं?"

"नाही, नाही. ते... बाहेरून लागलंय."

"हातालाही आहे. पाटी तेलकट, बाक तेलकट. मी फडक्यानं पुसला बाक, तिला उठ म्हटलं तरी उठेना. बसल्या जागी पाय वर करून घेतले तिनं, पण उठली नाही." बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "असं नाही चालायचं. उद्या धुतलेला फ्रॉक घालून पाठवा."

"उद्या?" मी म्हणाले.

"उद्या म्हणजे उद्याच. परवा नाही."

"हो बाई. उद्या. धुतलेला घालते. उद्या पाठवते."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सायकलवरचे आप्पा रस्त्याच्या पलीकडून, पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "काय म्हणाल्या गं? शैला, काय म्हणाल्या?"

"उद्या या म्हणाल्या!" मी तेवढ्याच मोठ्यानं ओरडले.